गुण जास्त पडल्याची हरकत

८ जानेवारी

ताई,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात जागा घालवत नाही. आधी एक सांगतो, म्हणजे पाकीट फोडल्या फोडल्या तू काळजीत पडायची नाहीस, किंवा वैतागायची नाहीस. मी तुझ्याकडे राहायला येतो म्हणून हे पत्र लिहीत नाही. माझी खोली चांगली आहे. बॉयलरच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे थंडीत जाड पांघरूण लागत नाही. तेव्हा ते मनातून काढून टाक.

तिकीट पुरेसं आहे की नाही याची शंका होती. मुकादम म्हणाला पुरे. तरी एक जास्तीचं लावलं.

तुझं ऑफिसचं काम मला कधी नीट कळलं नाही. कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी सांगतो, कंपन्यांत जाऊन माणसांना गुण कसे द्यायचे ते शिकवते. त्यावर पैलवान म्हणाला, "म्हणजे काका, हे झेंगट तुमच्याच घरातून निघालंय म्हणा की." सगळे हसले. मीही हसलो. पण मला तुला विचारायचं आहे ते ह्या झेंगटाबद्दलच.

तू शाळेतून माझा डबा घेऊन लाँड्रीत यायचीस तेव्हाचं आता कुणी उरलेलं नाही. इस्पितळ वाढलं, आम्ही मात्र पाचच. मुकादम आहे. पैलवान आहे, तो धुण्याची मशीनं बघतो आणि अंगाने काडीसारखा आहे. घड्या घालणारी मावशी आहे, ती माझ्याहून बरीच लहान, पण सगळ्यांची मावशी. आणि टाकेवाली आहे. फाटलेल्या चादरी, डॉक्टरांचे गाऊन ती शिवते. मावशी म्हणते, वरचे डॉक्टरही टाके घालतात, पण त्यांचे दिसतात, हिचे दिसत नाहीत. आणि मी रोलरवर. एका बाजूने ओली चादर सारायची, पलीकडून इस्त्री होऊन निघते. तेच काम, तीच जागा.

आता आमच्या साहेबांनी नोटीस लावली आहे. वर्षअखेरीला दरवर्षीसारखं मूल्यमापन होणार. फरक इतकाच की या वेळी प्रत्येक विभागात जो शेवटचा येईल, त्याचा करार पुढे चालू राहणार नाही. माझा करार, तुला माहीत आहे, निवृत्तीनंतर वर्षावर्षाने वाढवून मिळतो. करार गेला की खोलीही जाते. ती कामावरच्या माणसासाठी आहे.

मला एवढंच विचारायचं आहे. पाच जणांत कुणीच शेवटचं येणार नाही अशी काही सोय असते का? तुझ्या वर्गात कुणीतरी हे विचारलं असेलच. असेल तर कळव. नसेल तरी कळव.

तुझे बाबा

ता. क. : मी येणार नाही, हे पुन्हा सांगतो.


२१ जानेवारी

ताई,

पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो. किंवा पोचलं असेल आणि तू कामात असशील. फोन का करत नाही असं म्हणशील. फोनवर मला मजा येत नाही.

मागच्या पत्रात मी अर्धीच गोष्ट सांगितली. ती अर्धी वाचून तुला वाटेल, म्हातारा उगाच घाबरतोय, रोलर इतकी वर्षं चालवतोय, हा कशाला शेवटचा येईल. म्हणून उरलेली सांगतो.

पूर्वी मुकादम सगळ्यांच्या कागदावर एका हाताने 'समाधानकारक' लिहायचा आणि चहा प्यायचा. मग हे साहेब आले. त्यांनी कॉम्प्युटर आणला. आपलं नाव सोडून बाकीच्या चौघांना पहिला ते चौथा असे क्रमांक द्यायचे. दोघांना सारखा क्रमांक दिला तर ते मशीन पुढेच जात नाही. सगळ्यांचं मिळून साहेबांकडे एक यादी निघते. जो शेवटचा, त्याची त्या वर्षीची पगारवाढ बुडते.

पहिल्या वर्षी आमचा धुरळा उडाला. मला कुणी खाली टाकलं, तुला कुणी वर टाकलं, हेच दिवसभर चालायचं. मावशी डबा घेऊन जिन्याखाली एकटी बसायला लागली. पैलवान आणि मुकादम एकमेकांशी बोलायचे ते भिंतीकडे बघून. "त्यांना सांगा, मशीन रिकामं झालंय." त्यांना म्हणजे समोर उभ्या माणसाला. बायकांच्या वॉर्डाच्या चादरी मुलांच्या वॉर्डात गेल्या, कारण कुणी कुणाला विचारायलाच तयार नव्हतं.

तेव्हा टाकेवालीने तोडगा काढला. ती म्हणाली, कुणीतरी शेवटचं येणारच आहे, तर पाळीने येऊ. ज्याची पाळी, त्याला बाकीचे चौघे चौथा क्रमांक देतील. पाळीवाल्याने आपला चौथा मुकादमाला द्यायचा, एका मताने मुकादमाचं काही बिघडत नाही. आणि ज्याची पगारवाढ बुडणार आहे, त्याला त्या वर्षभर मळक्या कपड्यांच्या निवडीतून सूट. तुला ती निवड माहीत नाही. वरून गाठोडी येतात, त्यात काय काय असतं ते लिहीत नाही. एकदा मावशीच्या बोटात सुई गेली होती. तर वर्षभर ती सूट आधी घ्यायची आणि वर्ष संपताना शेवटचं यायचं, असा आमचा कायदा.

फार चांगला चालला. पैलवानाची पाळी आली तेव्हा तर तो मिरवायचा. "आज मी शेवटचा आहे, मला गाठोडं दाखवू नका." मग मावशीचं वर्ष झालं, मग मुकादमाचं.

हे वर्ष माझं आहे. पुढचं टाकेवालीचं.

म्हणजे गेल्या एप्रिलपासून मी एकाही गाठोड्याला हात लावलेला नाही. सूट सगळी खाऊन झाली, ताई. आणि आता नोटीस आली.

नोटीस लागल्यापासून पाळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी आत गेलो की बोलणं बदलतं. मी वाट बघतोय की त्यांच्यापैकी कुणीतरी म्हणेल, काका, या वर्षी ते जाऊ द्या. ते बहुतेक वाट बघतायत की मी काहीतरी म्हणेन. मी काय म्हणू? माझी पाळी नाही म्हणू?

सोयीचं काही सुचलं तर लगेच लिही.

तुझे बाबा


५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळींचं आहे, पण अक्षर अजून तसंच गोल आहे. "बाबा, प्रामाणिकपणे भरा." ही पहिली. "त्या दिवशी न सांगता का निघून गेलात?" ही दुसरी.

पहिलीबद्दल. प्रामाणिकपणे भरायचं म्हणजे काय? आम्ही पाचही जण ठीक काम करतो. कुणी फार भारी नाही, कुणी टाकाऊ नाही. प्रामाणिकपणे भरलं तर ते मशीन पुढेच जात नाही.

दुसरीचं उत्तर नंतर देईन म्हणून पत्र बाजूला ठेवलं होतं. पण आज सुट्टी आहे, खोलीत झाडण्यासारखंही काही उरलेलं नाही.

मी तुमच्याकडे राहायला आलो होतो तेव्हा फ्रिजवर नातीचा तो तक्ता होता ना. दात घासले, दप्तर भरलं, भाजी संपवली, आणि पुढे चांदण्या. एका संध्याकाळी पाणी घ्यायला गेलो तर तिच्या नावाखाली 'आजोबा' असं लिहिलेलं. औषध वेळेवर घेतलं. पंखा बंद केला. टीव्ही मोठ्याने लावला नाही. अक्षर तुझं होतं, हे वरचं गोल. आठवड्याच्या शेवटी मला दोन चांदण्या पडल्या. नातीला तेरा. जावई हसत म्हणाले, "आजोबा, सुधारणेला वाव आहे." सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे बाहेर गेल्यावर मी पिशवी भरली आणि किल्ली शेजारी दिली. एवढंच झालं. रागावलो नव्हतो. इकडे माझं काम होतं, खोली होती, म्हणून आलो.

आता टीव्हीचं सांगतो. ते मी जावयांना त्रास द्यायला करत नव्हतो. मला ऐकू येत नाही. इतकी वर्षं त्या मशीनांच्या आवाजात गेली, कधी कमी होत गेलं ते कळलंच नाही. फोनवर तू बोलायचीस तेव्हा मी नुसता हो हो करायचो. तू एकदा काहीतरी सांगितलंस आणि मी हो हो म्हणालो, तर तू फोन ठेवलास. ते काय होतं, ते मला अजून माहीत नाही.

हे इथे कुणाला सांगायचं नाही. सांगशील कुणाला म्हणा. रोलरमध्ये चादर गुंडाळली गेली की घंटा वाजते, त्याबरोबर लाल दांडी दाबून यंत्र थांबवायचं असतं. ती घंटा मला ऐकू येत नाही. टाकेवालीचं टेबल माझ्या मागे आहे. घंटा झाली की ती कात्री टेबलाच्या लोखंडी पायावर आपटते. फरशीतून ते मला तळपायात कळतं आणि मी दांडी दाबतो. तिने हे कधी सुरू केलं, ते आठवत नाही. मी तिला सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. बाकीच्यांनाही ठाऊक आहे, पण साहेबांसमोर कुणी बोललेलं नाही.

तर बघ, मी पाळी नाकारली आणि त्यांच्यापैकी एकाने फक्त तोंड उघडलं, तर माझं काय राहील? ते उघडणार नाहीत. म्हणून तर मला नाकारता येत नाही.

औषध आता वेळेवर घेतो.

तुझे बाबा


१९ फेब्रुवारी

ताई,

भरून आलो.

साहेबांच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावलं. माझ्या आधी मावशी गेली, ती डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, डोळ्यात साबण गेला. केबिनमध्ये कुठून साबण येणार?

खुर्ची फिरती होती. मी बसलो तर ती खिडकीकडेच फिरली. साहेब म्हणाले, "काका, आरामात करा, मी बाहेर थांबतो." पडद्यावर चार नावं होती. ती माऊसने धरून वर-खाली सरकवायची. माझा हात रोलरला सरावलेला, मी नाव धरायला जायचो आणि ते निसटायचं. शेवटी जमलं. हिरवं बटण दाबलं की मग बदलता येत नाही.

तू म्हणाली होतीस प्रामाणिकपणे. बरं.

इकडे थंडी कमी झाली. बॉयलरची भिंत आता नकोशी वाटते. खिडकी उघडली तर वाळवणाच्या आवारातली वाफ आत येते, बंद केली तर भिंत तापते. दोन्ही करून बघतो. नातीची परीक्षा जवळ आली असेल.

निकाल पुढच्या महिन्यात लागेल. तुला काही सुचत असेल तर आता लिहिण्यात अर्थ नाही, तरी लिही.

तुझे बाबा


४ मार्च

ताई,

निकाल लागला. मी पहिला आलो.

चूक नाही. साहेबांनी स्वतः येऊन हात हातात घेतला. विभागातला सर्वोत्तम कर्मचारी. माझा फोटो काढला, दाराजवळ घड्याळाखाली लावलाय. फोटोत मी डावीकडे बघतोय, कारण फोटोवाला काय म्हणाला ते मला कळलं नव्हतं. करार आणखी एका वर्षाने वाढला. खोली राहिली.

टाकेवाली शेवटची आली. या महिन्याच्या अखेरीस ती जाणार.

ती तिच्या टेबलाशी जाऊन बसली आणि फाटकी चादर ओढून घेतली. थोड्या वेळाने माझ्या तळपायात ठोका आला. चादर गुंडाळली गेली होती. मी दांडी दाबली. मागे वळून बघितलं नाही.

दुपारी पैलवान मला वाळवणाच्या दोऱ्यांमागे घेऊन गेला. कानाशी तोंड आणून ओरडून बोलावं लागतं, म्हणून त्याला दोन्हीकडे चादरी असलेली जागा लागली. म्हणाला, "काका, मी तुम्हाला पहिला टाकला. या वयात तुम्ही कुठे जाणार? तिला चौथा दिला, पुढची पाळी तिचीच होती. वाटलं, बाकीचे तिघे ठरल्याप्रमाणे तुम्हालाच शेवटचा टाकतील, माझ्या एकट्याने काय होतंय. मन तरी खात राहणार नाही." मावशीने तेच केलं. तिचंही म्हणणं तेच, की माझ्या एकटीने काय होतंय. मुकादमानेही तेच. तिघांनी आपापल्या परीने मला एकट्याने वाचवायचं ठरवलं, एकमेकांना न सांगता. सगळे म्हणतात, तिच्या हातात कला आहे, तिला कुठेही काम मिळेल.

मिळेलही. तिच्या घरात अंथरुणावर सासू आहे आणि नवऱ्याचं काम असून नसल्यासारखं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

तू मला अभिनंदन कळवू नकोस.

तुझे बाबा


११ मार्च

ताई,

आज टाकेवालीशी बोललो. मला ते नको होतं. पण ती डब्याच्या वेळी स्टूल घेऊन माझ्या समोर येऊन बसली. समोर बसली की ओठ दिसतात, हे तिला माहीत आहे.

म्हणाली, "काका, मी तुम्हाला चौथा दिला. तुमच्या कानावर घालते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. पाळी तुमची होती."

मी म्हणालो, बरोबर केलंस.

"बरोबरच केलं," ती म्हणाली. "दोन रात्री झोप नव्हती. पण मीच काढलेली पाळी, मीच मोडली तर पहिल्या वर्षासारखं होईल. पुन्हा मावशी जिन्याखाली बसेल." मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "तुम्ही कुणाला दिला चौथा?"

ताई, मी तुला १९ तारखेला लिहिलं की बरं. तेव्हा सांगायचं टाळलं. मुकादमाला द्यायचा ठरला होता. मी मुकादमाचं नाव खाली आणलं, अगदी तळाला आणलं. मग वाटलं, हे चौघं मला शेवटचा टाकणारच, पण समजा एखाद्याचं मन फिरलं, तर काठावरच्या वेळी माझं एक मत इकडे-तिकडे उपयोगी पडेल. मुकादमाला देऊन काय उपयोग, त्याची पाळी होऊन गेलेली, तो काही शेवटचा येत नाही. पुढची पाळी तिची. मी तिचं नाव धरलं. ते दोनदा निसटलं, तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. तिसऱ्यांदा खाली आणलं आणि हिरवं दाबलं.

बाकीच्या तिघांनी माझ्यासाठी केलं. मी माझ्यासाठी केलं.

मी तिला म्हणालो, तुलाच दिला.

ती चावत होती, तशीच चावत राहिली. मग म्हणाली, "ते कळलं होतं. पैलवान येऊन बोलला, मुकादम बोलला, मावशी तर गळ्यात पडून रडली. तुम्हीच तेवढे यायचे राहिला होतात." आणि मग, जणू काही झालंच नाही, तिने विचारलं, "मी गेल्यावर घंटा कोण देणार तुम्हाला?"

ती स्टूल उचलून गेली. दुपारभरात दोनदा चादर गुंडाळली आणि दोन्ही वेळा ठोका वेळेवर आला. न येता तर मला बरं वाटलं असतं.

दारातून येता-जाता फोटो दिसतो. दुसरं दार नाही.

तुझे बाबा


१८ मार्च

ताई,

साहेबांकडे जाऊन आलो. दोनदा.

पहिल्यांदा राजीनामा घेऊन गेलो. मला वाटलं, एक माणूस कमी करायचाय ना, मी होतो कमी. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसवलं, मोठ्याने आणि सावकाश बोलले. म्हणाले, राजीनाम्याने यादी बदलत नाही. तुम्ही गेलात तर तुमच्या जागी बाहेरचा माणूस येईल, आणि ती शेवटची आहे म्हणून तीही जाईल. दोघं जाल. यादी बदलायची तर महिनाअखेरीच्या आत लेखी हरकत यावी लागते. आणि कामात सुरक्षेचा दोष असल्याचं लेखी सिद्ध झालं, तर त्या माणसाचे गुण रद्द होतात आणि तो तळाला जातो. हे बोलून ते स्वतःच थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. "पण काका, गुण कमी पडले म्हणून लोक हरकत घेतात. जास्त पडले म्हणून अजून कुणी घेतलेली नाही."

मी खोलीवर आलो आणि लिहिलं. माझ्या परीने लिहिलं. मला घंटा ऐकू येत नाही, मी रोलरवर धोका आहे, माझे गुण जास्त झाले आहेत, ते कमी करावेत. चार ओळी झाल्या. घेऊन पुन्हा गेलो.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "हे तुम्ही तिच्यासाठी लिहिलंय. कळतं मला." मी म्हणालो, खरं आहे. ते म्हणाले, इतक्या वर्षांत तुमच्या रोलरवर एकही अपघात नाही, एकही तक्रार नाही, तुमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला पहिला क्रमांक दिलाय. दोष कुठाय? मग ते मुद्दाम खाली लाँड्रीत आले, माझी समजूत घालायला. आणि तिथे आणखी गोंधळ झाला.

टाकेवालीने आदल्या दिवशी एक काम केलं होतं. मुलांच्या वॉर्डाच्या जुन्या ब्लँकेटचा लाल काठ उसवून त्याची तिने वीतभर पट्टी शिवली, दुहेरी, कडा आत घेऊन, आणि रोलरच्या बाजूला जे छोटं चाक फिरतं त्याच्या आसाला बांधली. रोलर नीट चालतोय तोवर पट्टी गरगर फिरते, समोर दिसते. चादर गुंडाळली की चाक अडतं आणि पट्टी लोंबते. पट्टी लोंबली की दांडी दाबायची. कान लागतच नाहीत. तिने मला बोटाने दाखवलं, ही फिरतेय, ही थांबली. मी मान हलवली. मग ती टेबलाशी गेली आणि एक चादर गुंडाळली गेली तेव्हा तिने कात्री हातात घेतली, पण आपटली नाही. मला बघत राहिली. मी पट्टीकडे बघून दांडी दाबली.

साहेबांनी ती पट्टी बघितली आणि खूश झाले. म्हणाले, "बघा. आता तर दोषच उरला नाही. ही कल्पना मी वर कळवतो." कुणाची कल्पना ते त्यांनी विचारलं. मुकादमाने सांगितलं. साहेब म्हणाले, "अरेरे. ती गुणी बाई होती." होती म्हणाले. ती तिथेच बसून शिवत होती.

म्हणजे बघ ताई, ज्या बाईला मी बाहेर घालवलं तिनेच जाता जाता माझं बाहेर पडायचं दार शिवून टाकलं. तिला वाटलं, माझी सोय करतेय. आता मला वर्षानुवर्षं इथे राहता येईल. बॉयलरची भिंत, घड्याळाखाली मी, आणि दिवसभर ती लाल पट्टी डोळ्यांसमोर. पुढच्या वर्षी पुन्हा मूल्यमापन. चौघांत पाळी कशी लावायची, यावर मावशी आणि पैलवान आत्ताच कुजबुजतायत. मी जवळ गेलो की थांबतात. जणू मला ऐकू येतं.

पुढचं नीट वाच. मागच्या सगळ्या पत्रांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे तू मान्य करशील. आता मागतो.

ही हरकत तू लिही. माझ्या चार ओळी साहेबांना भावनेच्या वाटतात. तू ज्या भाषेत लिहितेस, जी वाचून साहेबांसारखे लोक पेन काढतात, त्या भाषेत लिही. लिही की हा कर्मचारी ऐकू शकत नाही. की त्याने हे लपवलं. की त्याच्या रोलरवर अपघात झाला नाही तो त्याच्यामुळे नाही, पाठीमागच्या टेबलावरच्या बाईमुळे. हे मात्र जोर देऊन लिही. वरच्या मजल्यावर कानांचा विभाग आहे. इतकी वर्षं त्यांच्या चादरी केल्या, पण कधी वर गेलो नव्हतो. परवा जाऊन तपासून घेतलं. डॉक्टरीण पोरगेलीशी होती. तिने डोक्याला काहीतरी लावलं आणि म्हणाली, आवाज आला की हात वर करा. मी बराच वेळ बसून राहिलो. मग तिने ते काढलं, तेव्हा कळलं की तपासणी संपली. तिचा कागद सोबत आहे.

तू मागे एकदा म्हणाली होतीस, तुझ्या कामात माणसाबद्दल खरं लिहिणं सगळ्यात अवघड असतं. हे तरी मी ऐकलं होतं. तर माझ्याबद्दल लिही. खाली माझं नाव घाल, मी सही करीन. महिनाअखेरीच्या आत पोचायला हवं, म्हणून परतीचं पाकीट तिकीट लावून आत घातलंय. दोन तिकिटं जास्त आहेत.

पाकिटात लाल पट्टी आहे. आज सकाळी मी ती कापून काढली. काम सुरू व्हायच्या आधी काढली आणि मुकादमाला सांगितलं, आजपासून मी रोलरवर उभा राहत नाही, मला गाठोडी द्या. वर्षभराची निवड माझी बाकी आहे. पैलवान म्हणाला, "काका, वेड लागलं का?" टाकेवालीने कापलेली गाठ उचलली, बघितली. मग हातमोज्यांची नवी जोडी आणून माझ्यासमोर ठेवली आणि गाठोड्यात सुया कुठल्या कोपऱ्यात असतात ते दाखवलं. पट्टी जपून ठेव. शिवण बघ. टाका दिसतो का ते बघ.

हरकत मंजूर झाली तर करार जाईल आणि खोलीही. मग मी कुठे जाणार, ते तुला कळलंच असेल. पहिल्या पत्रात दोनदा लिहिलं होतं की येणार नाही. ते तेव्हाचं होतं.

फ्रिजवरचा तो तक्ता असेल तर माझं नाव पुसू नकोस. औषधाचं जमेल. टीव्हीला आता कारण आहे, ते नातीला सांग. पंख्याचं मात्र खरंच माझ्या लक्षात राहत नाही. तिथे चांदणी देऊ नका.

तुझे बाबा